शीलाताईंचं शिसं

ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरच्या गल्लीत गराजमध्ये गाडी ठेवणारं एकही मराठी घर नव्हतं. गाड्या बाहेर उन्हात तापायच्या आणि आत दुसरा फ्रीज, तांदळाच्या गोण्या, भारतातून आलेल्या रिकाम्या बॅगा आणि तळणाची शेगडी असायची. घरात वास बसू नये म्हणून पुऱ्या, भजी, मासे, जे काही तळायचं ते गराजमध्ये, अशी आमची सगळ्यांचीच रीत होती. फक्त समोरच्या शीलाताई गजभियेंच्या गराजमध्ये खाण्याचा कणही जायचा नाही. तिथे त्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या. बंदुकीच्या.

हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की ऐकणारा खुर्चीत जरा मागे सरकतो. त्याच्या डोळ्यांपुढे कसली बाई उभी राहते कोण जाणे. प्रत्यक्षात शीलाताई म्हणजे साठीच्या, बुटक्या, आखूड केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या आणि कुणाच्याही घरी गेल्यावर बसायच्या आधी खुर्चीवरून हळूच बोट फिरवून बघणाऱ्या बाई होत्या. हे बोट फिरवणं नोकरीतून आलं होतं. चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं: आत घाण कुठून येते ते शोधून काढायचं. "माणूस म्हणजे चालती धूळ," असं म्हणायच्या आणि बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरचा गळलेला केस चिमटीत उचलून टाकायच्या. पहिल्यांदा मला राग आला होता. पुढे पुढे मी घरातून निघतानाच खांदे झटकायला लागले.

आमची ओळख विरजणावरून झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, थंडीतली सकाळ होती, आणि समोर मराठी बाई राहतात एवढंच कळलं होतं. वाटी घेऊन गेले तर गराजचं दार अर्धं वर, आत मोठा पंखा सुरू, आणि जाड एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडासमोर प्लास्टिकची ढाल अशा अवतारात कुणीतरी भांड्यातून चांदीसारखी धार एका लोखंडी साच्यात सोडतंय. मी पुढे पाऊल टाकलं तर मागे न बघताच आवाज आला, "लाल पट्टीच्या अलीकडे थांबायचं."

जमिनीवर खरंच लाल पट्टी चिकटवलेली होती. मी थांबले आणि विरजण मागितलं.

"आहे न. पण आत्ता नाही देणार. हे आटोपते, अंघोळ करते, कपडे बदलते, मग देते."

विरजण द्यायला अंघोळ! मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, समोरच्या बाई फारच सोवळ्यातल्या दिसतात, आपलं काही जमेल असं वाटत नाही. हे मी वर्षभराने शीलाताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बाप्पा! नागपूरची बौद्ध बाई मी, आणि सोवळ्यातली?" मग पुढे कित्येक दिवस मला फोनवर "सोवळ्यातली बोलून राहिली" असंच म्हणायच्या.

त्यांना तो कारखाना पहिल्याच दिवशी आवडला होता, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे. फक्त डोळे उघडे. "तिथं ना यार, कोणी कोणाला विचारत नाही की तू कुठला. डायरेक्टर असो की मी, आत जाताना सगळेच घाण. सगळ्यांनाच झगा. शुद्ध काय, तर फक्त ती चिप." हे त्या गंमतीत सांगत होत्या आणि मीही गंमतीतच ऐकलं.

नेमबाजी नागपूरच्या कॉलेजात एनसीसीत सुरू झाली आणि तिथेच संपली होती. चँडलरला आल्यावर कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या रेंजवर नेलं. तिथे आठ-दहा म्हातारे घडीच्या खुर्च्या मांडून बसायचे आणि कागदावरच्या काळ्या वर्तुळावर रिव्हॉल्व्हरने नेम धरायचे. एका हाताने. दुसरा हात पँटच्या खिशात. या एका हाताच्या प्रकाराचं शीलाताईंना फार कौतुक वाटलं. "दोन हातांनी कोणीही धरेल. एका हातानं धरलं की मनातली सगळी गडबड तिथं टोकाला येऊन नाचते." पहिल्या स्पर्धेत त्या शेवटच्या आल्या आणि घरी येऊन आनंदाने सगळ्यांना फोन केले. मुलीने विचारलं, शेवटची आलीस तर एवढी खूश का? त्यावर म्हणाल्या, "अगं, पण अगदी स्पष्ट शेवटची आले. कोणाला काही बोलायला जागाच नाही."

हे स्पष्टपणाचं वेड समजलं की शीलाताई निम्म्या समजल्या. त्यांना भारतात आणि इथेही अशा पुष्कळ खोल्यांमधून जावं लागलं होतं जिथे मार्क कुणाला किती आणि का, हे टेबलापलीकडचा माणूस आपल्या मनाने ठरवतो. त्यावर त्या कधी बोलायच्या नाहीत. पण नेमबाजीतल्या गोळीवर तासभर बोलायच्या. नेहमीची टोकदार गोळी कागद फाडते, भोकाच्या कडा फाटक्या निघतात, मग रेघेला लागली की नाही यावर वाद. म्हणून कागदावरच्या नेमबाजीसाठी वेगळी गोळी असते. तिचं नाव वॉडकटर. संपत आलेल्या खडूच्या तुकड्यासारखी, तोंडाकडून अगदी सपाट. ती पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. "भोक असं पाहिजे की वादच नको," हे शीलाताईंचं आवडतं वाक्य होतं. लेकीच्या लग्नातल्या जेवणाबद्दलही त्या हेच म्हणाल्या होत्या, तिथे त्याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही.

अशा गोळ्या दुकानात मिळतात. पण शीलाताईंना विकतच्या गोळीत गंमत वाटत नसे. "चांगल्या असतात. फक्त माझ्या नसतात." त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढ्याच सकाळी गोळ्या ओतायच्या, कारण उरलेल्या वर्षात आमच्याकडे गराजमध्ये नुसतं उभं राहिलं तरी माणूस वितळतो. टायरच्या दुकानातून, चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणायच्या. त्यात हल्ली जस्ताची वजनं मिसळलेली असतात आणि जस्त भांड्यात गेलं की सगळं पातळ शिसं लापशीसारखं होऊन बसतं. म्हणून प्रत्येक वजन काँक्रीटवर टाकून आवाज ऐकायच्या. टणकन वाजलं तर जस्त, ते बाजूला. थप्प वाजलं तर शिसं. रस्त्यापलीकडून मला सकाळभर ते टण-थप्प ऐकू यायचं.

शिशात थोडं कथील घातलं की ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट बसतं. कथील म्हणजे आपली कल्हई. ते इथेही मिळतं, पण शीलाताईंनी भावाला नागपुरातून, इतवारीतल्या दुकानातून कल्हईच्या कांड्या आणायला लावल्या. भाऊ पापडांच्या पुडक्यात कांड्या घालून घेऊन आला. विमानतळावर अधिकाऱ्याने त्या बाहेर काढून विचारलं तर म्हणाला, सर, हे स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी असतं. "खरंच बोलला बिचारा," शीलाताई म्हणायच्या, "त्याला काय माहीत बहीण काय करून राहिली."

मी लाल पट्टीच्या अलीकडे स्टूल टाकून पुष्कळदा बसत असे. सांगण्यासारखं फार काही घडायचं नाही. मळी बाजूला काढायची, साचा हॉटप्लेटवर तापवायचा, धार सोडायची, क्षणभर थांबायचं, लाकडी दांड्याने टक् करून वरचा भाग कापायचा, साचा उघडायचा आणि गोळी जुन्या टॉवेलवर पडू द्यायची. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. "त्या गोळ्या नाहीत. साच्याला शिकवायला असतात." मग चष्मा चढवून एकेक गोळी उजेडात धरायच्या आणि वाईट असेल तर तिला सांगायच्या, "परत जा. नीट होऊन ये." आणि पुन्हा भांड्यात. माझ्या पहिल्या पुरणपोळीचा तुकडा तोंडात घालून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हेच म्हणाल्या. मी पोळी परत नेली, आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बरी झाली.

आता मुख्य गोष्ट.

शीलाताईंची मुलगी प्रज्ञा. तीही चँडलरमध्येच, पंधरा मिनिटांवर. वडील ती शाळेत असतानाच गेले होते, त्यामुळे या दोघींचं आपसात जे काही होतं ते घट्ट होतं. दिवसातून तीनदा फोन आणि त्यातले दोन भांडणाचे. प्रज्ञाला दिवस राहिले आणि शीलाताई एकदम मऊ झाल्या. बाळंतपणानंतर प्रज्ञा कामावर जाणार आणि बाळ आजीकडे राहणार, असं दोघींनी न बोलताच ठरवलं होतं. शीलाताईंनी एक खोली रंगवून घेतली. रंगाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला त्यांना दुकानात इतका वेळ लागला की दुकानदाराने खुर्ची आणून दिली.

तेव्हा माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आईला कुणीही गरोदर दिसलं की डोहाळजेवण सुचतं. शीलाताई म्हणाल्या, नाव काही द्या काकू, पोरीला चांगलं जेवू घालायचं एवढंच. त्यांच्याच घरी करायचं ठरलं. मी भाज्या आणि खीर घेतली, आईने पुऱ्या घेतल्या. शीलाताई प्रज्ञाला आणायला गेल्या, मी घरी खीर आटवत होते आणि आई मळलेली कणीक, तेलाचा डबा आणि कढई घेऊन समोर गेली.

पुढचं माझ्या आईच्या बाजूने बघितलं तर तिचं काहीच चुकलं नाही. तिने अमेरिकेत बघितलेल्या प्रत्येक घरात तळण गराजमध्ये होत होतं. तिने शीलाताईंच्या स्वयंपाकघरातून गराजचं दार उघडलं, तर समोर ओटा, ओट्यावर हॉटप्लेट, भिंतीवर टांगलेला लांब दांड्याचा सुरेख झारा. तिला वाटलं, चला, सगळी सोय आहे. झारा जरा काळा होता म्हणून तिने तो घासून घेतला. लाल पट्टीचा अर्थ तिला कुणी सांगितलेलाच नव्हता.

मी खिरीचं पातेलं घेऊन रस्ता ओलांडत होते तेव्हाच शीलाताईंची गाडी वळली आणि गराजचं दार वर गेलं. आत माझी आई, कपाळावर घाम, समोर टम्म फुगलेल्या पुऱ्यांचा ढीग. "आलीस का गं," म्हणून तिने प्रज्ञापुढे ताट धरलं. प्रज्ञाने हसून एक पुरी उचलली.

"शिवू नको!"

शीलाताईंचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्या गाडीतून उतरून धावल्या, प्रज्ञाच्या हातातली पुरी हिसकावली, आईच्या हातातलं ताट घेतलं आणि सगळ्या पुऱ्या कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या. मग कढईखालची शेगडी बंद केली. "काकू, तुम्ही आत जा. हात धुवा. साबणानं, कोपरापर्यंत. कशालाही शिवू नका, प्लीज." प्रज्ञा तोवर भिंतीवरच्या झाऱ्याच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. तिला सगळं माझ्या आधी कळलं. शिशाची मळी काढायचा झारा, शिशाचा साचा तापवायची शेगडी, आणि तिच्या हातात आलेली पुरी.

तिने पुरी खाल्ली नव्हती. पण डोहाळजेवण कसं झालं ते विचारू नका. भात, भाजी आणि खीर समोर ठेवून आम्ही सगळे ताटाकडे बघत बसलो.

घरी आल्यावर आई रडली. शिसं किती विषारी, पोटातल्या बाळाला किती घातक, हे तिला समजावून सांगितलं, समजलंही, पण तिच्या हातच्या पुऱ्या तिच्यादेखत आजवर कुणी फेकल्या नव्हत्या. संध्याकाळी शीलाताई आल्या. अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून. मी त्यांना साडीत फारच क्वचित बघितलं होतं. त्या आईसमोर बसल्या. खुर्चीवरून बोट फिरवलं नाही.

"काकू, माझी आजी लोकांच्या घरी धान्य निवडायला जायची. अंगणात बसून. निवडलेलं धान्य ते लोक वरून पाणी शिंपडून आत न्यायचे. 'शिवू नको' हा शब्द तिनं आयुष्यभर ऐकला. मी ठरवलं होतं, हा शब्द माझ्या तोंडातून कोणासाठी निघणार नाही. आज निघाला. तुमच्यासाठी निघाला. त्याचं मला वाईट वाटून राहिलं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आमच्या घरात माझी पणजी होती तोवर हा शब्द दिवसभर चालायचा, हे आईला आणि मला दोघींनाही माहीत होतं. शेवटी आई म्हणाली, "तुम्ही पोरीला वाचवायला बोललात हो. आणि तरी मला दिवसभर लागून राहिलं. म्हणजे ज्यांना उगाचच ऐकावं लागलं, त्यांचं काय झालं असेल."

मग दोघी पुऱ्यांच्या कणकेत रवा किती घालावा यावर बोलत बसल्या. मला आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

प्रज्ञाच्या मनातून मात्र ते जाईना. चार दिवसांनी ती आली तेव्हा मी शीलाताईंकडेच होते. तिने त्यांना सरळ सांगितलं, "आई, तू ब्लड टेस्ट कर. लेडची. प्लीज."

"करते न. काही निघणार नाही. माझी प्रोसेस चोख आहे."

"आणि निघालं तर डेकेअरचं मी बघते. इट्स ओके. रिअली."

त्या 'इट्स ओके'ने शीलाताईंना कापल्यासारखं झालं हे मला दिसत होतं. बाळ आजीकडे राहणार की नाही, हे आता एका बाटलीभर रक्तावर आलं होतं.

रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, औषध घेण्याइतकं नाही, पण असायला पाहिजे त्याहून जास्त आहे. शीलाताई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची धूळ शोधली, तिला स्वतःची सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. "मुक्ता, ये जरा. मी गोळ्या ओतायचं नाटक करते. भांडं थंडच ठेवते. तू बोलू नको, फक्त माझा हात बघ. कारखान्यात आम्ही असंच पकडायचो."

मी स्टूलवर बसले. त्यांनी एप्रन घातला, हातमोजे घातले, साचा उचलला, रिकाम्या भांड्याखाली धरला, टक् केलं, उघडला. सगळं व्यवस्थित. मग हातमोजे काढून त्या टॉवेलवरच्या जुन्या गोळ्या निवडायला लागल्या. एक गोळी उजेडात धरली. दुसरी. मग तिसरी बघता बघता त्यांचा डावा हात एप्रनच्या खिशात गेला, एक छोटी डबी उघडली, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि हात परत गोळ्यांवर आला.

"शीलाताई," मी म्हटलं, "बडीशेप."

त्या तशाच थांबल्या. तोंडातली बडीशेप चावायचंसुद्धा थांबलं. नागपूरला आईच्या पानदानातून लागलेली सवय. कारखान्यात चाळीस वेळा हात धुणाऱ्या बाईने कधी ती सवय म्हणून मोजलीच नव्हती. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना रडू आलं आणि त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला. मी ओरडले, "हात!" तर अजूनच हसू आलं.

कारण सापडलं होतं. बडीशेप बंद केली की झालं, असं मलाही वाटलं. शीलाताईंनी त्याच दिवशी प्रज्ञाला फोन केला, सगळं सांगितलं. प्रज्ञा म्हणाली, "आई, आय बिलीव्ह यू. पण तुला याच्या आधी पण वाटत होतं ना, की सगळं चोख आहे?"

फोन ठेवल्यावर त्यांनी सिंकपाशी जाऊन हात धुतले. मग मला म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली. आपलीच प्रोसेस आपणच तपासून पास करायची नसते. हे मी किती जणांना शिकवलं."

मी म्हटलं, "पण ताई, तुम्हाला किती आवडतं हे."

"आवडतं न. खूप आवडतं. असं नको समजू की मला काही वाटून नाही राहिलं." त्यांनी मान वळवली. "पण ते बाळ माझ्याकडे रांगेल न, तेव्हा प्रज्ञानं ऑफिसात बसून माझ्या हाताचा विचार करायला नको."

रेंजवरचे वॉल्ट आजोबा पिकअप ट्रक घेऊन आले. ऐंशीच्या पुढचे, एका कानाने ऐकणारे. शीलाताईंनी भांडं, साचे, शिशाच्या लाद्या, सगळं पुसून, पिशव्यांत बांधून त्यांना दिलं. कल्हईच्या उरलेल्या कांड्या देताना नीट समजावून सांगितलं की हे इतवारीचं आहे, जपून वापरा. वॉल्ट आजोबांना इतवारी कुठे ते काय कळणार, पण त्यांनी टोपी काढली. मग शीलाताईंनी आठवडाभर गराज ओल्या फडक्याने पुसून काढलं, भिंतीसकट. झारा घातक कचरा घेतात तिथे स्वतः नेऊन दिला.

तयार गोळ्यांचा शेवटचा डबा तेवढा उरला होता. एका शनिवारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. स्पर्धा वगैरे काही नव्हती. वाळवंटातली सकाळ, लांबवर डोंगर, घडीच्या खुर्च्यांवर डुलक्या काढणारे म्हातारे. शीलाताईंनी उजवा हात लांब केला, डावा खिशात घातला आणि सावकाश, घाई न करता डबा संपवला. वॉल्ट आजोबांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं की नेम बरे आहेत, थोडे डावीकडे जातायत. "नेहमीच जातात," त्या म्हणाल्या. कागद उतरवला, बघितला. गोल, स्वच्छ भोकं होती. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवतील. त्यांनी तो घडी करून कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि नळावर हात धुवायला गेल्या.

मुलगी झाली. नाव ठेवलं करुणा. पुढच्या तपासण्यांत शीलाताईंच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं आणि काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाल्या, आता काळजीचं काही नाही. प्रज्ञाने तर आधीच डेकेअरचा विचार सोडला होता. बाळ आजीकडेच होतं. पण शीलाताईंचं काहीतरी बिघडलं होतं. त्या करुणाला घेण्याआधी हात धुवायच्या. प्रत्येक वेळी, कोपरापर्यंत, नखांत ब्रश घालून. बाळ रडून लाल झालं तरी आधी नळ. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत त्यांच्या हातांना भेगा पडल्या, बोटांतून रक्त यायचं. मी क्रीम नेऊन दिलं तर म्हणाल्या, क्रीम बाळाच्या तोंडात जाईल. प्रज्ञा हे सगळं बघायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मुक्ताताई, हे मी केलं ना तिला?" मी म्हटलं, तू आई होणार होतीस, घाबरलीस. आणि तीही आईच आहे.

मग प्रज्ञाला श्रूजबरीला नोकरी लागली, मॅसॅच्युसेट्समध्ये. शीलाताईंनी घर विकायला काढलं. निघायच्या दिवशी सकाळी मी समोर गेले तेव्हा सामानाचा ट्रक जाऊन चुकला होता. घर रिकामं, पाणी बंद केलेलं. गाडीच्या मागच्या दारात प्रज्ञा करुणाला घेऊन उभी, करुणा टाहो फोडत होती, आणि शीलाताई शेवटचे खोके बांधून बाहेर आल्या. हातांना पुठ्ठ्याची धूळ, चिकटपट्टीचा डिंक. बाळाने हात पसरले. शीलाताई दोन्ही तळवे अंगापासून लांब धरून जागच्या जागी थबकल्या आणि अंगणातल्या नळाकडे बघायला लागल्या. तोही बंद होता.

"थांब, मुक्ताकडून धुवून येते. एक मिनिट."

"आई, नको."

"अगं, धूळ आहे..."

"असू दे. घे तिला."

प्रज्ञाने वाट बघितली नाही. सरळ पुढे होऊन करुणाला त्यांच्या त्या धुळीच्या हातांत दिलं. बाळ गप्प झालं. मग त्याने आजीचं भेगाळलेलं बोट पकडलं आणि तोंडात घातलं. शीलाताईंनी घाबरून प्रज्ञाकडे बघितलं. मीही बघितलं. प्रज्ञाने ते पाहिलं होतं. ती वळली आणि गाडीत वाकून बाळाच्या सीटचा पट्टा सारखा करायला लागली.

शीलाताईंनी बोट काढून घेतलं नाही.